मोमिजी शरदात, ओचिबा हिवाळ्यात

प्रश्न : जपानी हायकूंच्या एका संग्रहात ‘मोमिजी’ हा शब्द शरद ऋतूत, तर ‘ओचिबा’ हिवाळ्यात घातलेला आढळला. दोन्ही शब्द पानगळीचेच असताना अशी विभागणी का?

उत्तर : मोमिजी हा शब्द मुळात पानगळीचा नाही. त्याचा अर्थ फांदीवरच रंगलेली पाने असा असून, मेपलच्या झाडालाही तेच नाव आहे. गळून पडलेली पाने ती ओचिबा, आणि सुकलेली पाने, मग ती झाडावर असोत वा जमिनीवर, ती कारेहा. ऋतुसूचक शब्दांच्या ‘साइजिकी’ नावाच्या कोशात मोमिजी शरदात, तर उरलेले दोन्ही शब्द हिवाळ्यात येतात; इतकेच नव्हे, तर ‘मोमिजी चिरु’, म्हणजे रंगलेली पाने गळणे, हेही हिवाळ्यातच मोडते. मौज अशी, की परंपरागत गणनेनुसार हिवाळा ७ नोव्हेंबरच्या सुमारास लागतो, आणि क्योतोतील मेपल मात्र बहुधा त्या महिन्याच्या उत्तरार्धात ऐन रंगात असतात. म्हणून कोशातला ऋतू हा हवामानाचा अहवाल न मानता काव्यसंकेत म्हणून वाचावा. हानाफुदा या पत्त्यांच्या खेळात ऑक्टोबरच्या पानावर मोमिजीखाली हरीण उभे दिसते, तोही असाच जुना संकेत आहे.