इंग्रजीत नीटनेटके दिसणारे ॲप मराठीत आणले की विस्कटते. दोष भाषांतराचा की डिझाइनचा?

मराठी मजकूर घातल्यावर बटणांवरील अक्षरे कापली जातात आणि वाक्ये चमत्कारिक होतात, तेव्हा भाषांतरकार बदलावा का, असे आपण विचारले आहे. मी याच कामात असल्याने सांगतो, की भाषांतरकाराला बोल लावण्याआधी स्क्रीन कोणता मजकूर समोर ठेवून आखले गेले, ते पाहावे. बहुधा तो केवळ इंग्रजी असतो.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार येतो, त्यामुळे इंग्रजीसाठी बेतलेली ओळीची उंची अपुरी पडते. ‘शुल्क भरा’ या बटणात उकाराचे शेपूट कापले जाते आणि ‘कर्जांची यादी’ या शीर्षकात रफार व अनुस्वार वरच्या कडेला घासतात. बटणाची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये न बांधता मजकुराप्रमाणे वाढू द्यावी आणि ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीच्या आसपास ठेवून पाहावी. इंग्रजी बटणांवर अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडण्याची पद्धत आहे. तीच शैली मराठीला लागली की शिरोरेषा तुटते, म्हणून ते अंतर शून्य करावे.

वाक्यांचा प्रश्न अधिक किचकट आहे. प्रोग्राममध्ये शहराच्या नावापुढे ‘ला’ जोडण्याचा साचा असेल, तर ‘पुणेला’ आणि ‘सातारा’चे ‘साताराला’ असे छापून येते, कारण सामान्यरूप करणे, म्हणजे प्रत्ययापूर्वी ‘पुणे’चे ‘पुण्या’ करणे, त्या साच्याला जमत नाही. येथे भाषांतरकार कितीही चांगला असला तरी हतबल असतो. ‘पोहोचण्याचे ठिकाण: पुणे’ अशी रचना केली की विभक्तीची गरजच उरत नाही.

प्रोफाइलच्या गोलात नावाचे पहिले अक्षर दाखवतानाही असेच होते: ‘क्षितिजा’साठी नुसता ‘क’ उमटतो, कारण प्रोग्राम युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणातील, पहिलाच संकेतांक उचलतो. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ आवृत्तीत आला आहे, तेव्हा त्यानुसार अक्षरे तोडणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरण्यास डेव्हलपरला सांगावे. (वेबपृष्ठावर भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, हे काम फुकटात होते, तरी क्वचितच कोणी करते.)

यापुढे आराखडा करतानाच खरा मराठी मजकूर घालावा आणि फोनमधील अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून प्रत्येक स्क्रीन तपासावा.