द्राक्षाच्या घरगुती वाइनचे बुडबुडे थांबलेत, आता बाटल्यांत भरू का?

तुम्ही लंडनमध्ये काळ्या द्राक्षांची साडेचार लिटर वाइन लावलीत, तीन आठवड्यांनी एअरलॉक (बुचातली, गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) थंडावला, तळाला दोन बोटं गाळ बसलाय आणि बाटल्या धुऊन तयार आहेत. तरी आत्ता भरू नका. निदान तीन महिने थांबा.

आधी आंबणं खरंच संपलंय का ते बघा. बुडबुड्यांवर विसंबू नका. खोली १५ अंशांच्या खाली गेली की यीस्ट सुस्तावतं. बूच सैल असलं तर गॅस बाजूनेच निघून जातो. दोन्ही वेळी एअरलॉक गप्प, आणि साखर आत तशीच. हायड्रोमीटरला (वाइनची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीला) पर्याय नाही; साखर जितकी उरली, तितका त्याचा आकडा जास्त. वाइनचा नमुना २० अंशांच्या आसपास हवा. हायड्रोमीटर नळीत बोटांनी गरकन फिरवा. चिकटलेले बुडबुडे सुटले नाहीत तर तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. ०.९९० ते ०.९९८ मधला एकच आकडा लागोपाठ तीन दिवस आला, की संपलं. १.०१० वर अडकला असेल तर वाइन २०-२२ अंशांत ठेवा, डेमीजॉन (वाइनची मोठी काचेची बाटली) हलक्या हाताने फिरवून गाळ उठवा आणि आठवडाभर वाट बघा.

संपलं असेल तर पहिलं काम गाळावरून काढणं. मेलेलं यीस्ट फार दिवस खाली राहिलं की कुजून वाइनला वास देतं. आदल्या दिवशी डेमीजॉन ओट्यावर ठेवा आणि एका कडेखाली जाड पुस्तक सरकवा, म्हणजे गाळ एका कोपऱ्यात जमतो. सायफनची नळी गाळाच्या दोन सेंटिमीटर वर धरा, दुसरं टोक खालच्या भांड्याच्या तळाला टेकवा. धार वरून पडू देऊ नका. आता वाइनवर गॅसचं पांघरूण उरलेलं नाही. हवा मिळाली की आधी रंग तपकिरी होतो आणि मग व्हिनेगर. चिलटं दिसली तर जास्तच जपा, व्हिनेगरचे जिवाणू त्यांच्या पायांवरून येतात. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तेवढ्या एकाच वेळी धार मुद्दाम खळखळू द्या, वास बराच उडतो.

साडेचार लिटरला कॅम्पडेनची, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या सल्फाइटची, एक गोळी चुरून, थोड्या वाइनमध्ये विरघळवून घाला. घरात कुणाला दमा असेल तर सल्फाइट घातल्याचं त्यांना सांगून ठेवा.

गाळ गेला की पातळी चार बोटं उतरते, आणि बहुतेकांची वाइन इथेच बिघडते. पाणी घालून भरू नका, चव पातळ होते. तशीच कोरडी लाल वाइन ओता, किंवा उकळून गार केलेल्या काचेच्या गोट्या सोडा. बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटरच जागा उरू द्या. एअरलॉक परत लावा, अंधारात ठेवा. सहा आठवड्यांनी नवा गाळ दिसला की पुन्हा काढा. मागून टॉर्च मारल्यावर प्रकाश धूसर न होता आरपार लाल दिसला, की वाइन निवळली.

गोड करायची असेल तर त्याच्या नंतर. आधी यीस्टची वाढ रोखणारं पोटॅशियम सॉर्बेट, साडेचार लिटरला सुमारे एक ग्रॅम, तेही कॅम्पडेनसोबतच. नुसतं घातलं तर जिवाणू त्यापासून जिरेनियमच्या पानांसारखा वास तयार करतात आणि तो जात नाही. सॉर्बेट यीस्ट मारत नाही, फक्त वाढू देत नाही, म्हणून गढूळ वाइनमध्ये त्याचा भरवसा नाही. साखर घालून तशीच भरलेली बाटली फुटू शकते: शॅम्पेनमध्ये सहा बारचा दाब लिटरमागे २४ ग्रॅम साखरेने येतो, आणि तुमची बाटली तेवढी जाड नाही. साखर घातल्यावर दोन आठवडे एअरलॉकखाली ठेवा, आकडा हलला नाही तरच भरा.

भरल्यावर बुचाच्या बाटल्या तीन दिवस उभ्या, मग आडव्या. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती वाइन करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे घरी करू नये. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय वाइन करणं इथे गुन्हा आहे.