‘आज जेवायला काय?’

“रोज संध्याकाळी सातला मी आई म्हणून नापास होते,” खुर्चीत बसता बसताच त्या म्हणाल्या. नोकरी, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं, नवराही नोकरीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आठवड्यातून तीन-चारदा बाहेरून जेवण मागवायचं आणि झोपताना स्वतःलाच बोल लावायचे, असं वर्षभर चाललं होतं.

मी म्हटलं, “कालची संध्याकाळ मिनिटामिनिटाने सांगा.”

सहा पन्नासला घरात. पर्स खांद्यालाच. फ्रिज उघडला आणि दार धरून उभ्या राहिल्या, इतका वेळ की शेवटी फ्रिजच पीं-पीं करायला लागला. मुलांना विचारलं, काय खाल? दोघांची दोन उत्तरं. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, “काहीही चालेल.” सात पंचवीसला ऑर्डर गेली.

“म्हणजे पस्तीस मिनिटं नुसती ठरवण्यात गेली. तेवढ्यात डाळ-भात झाला असता.”

त्या हसल्या आणि मग डोळे पुसत बसल्या.

वेळापत्रकही करून झालं होतं. रोज नवा पदार्थ, दोन भाज्या, कोशिंबीर. बुधवारी मीटिंग लांबली आणि कागद फ्रिजवरून उतरला. असल्या वेळापत्रकांवर माझा फारसा विश्वास नाही. ती रविवारच्या उत्साहात लिहिलेली असतात आणि पाळायची असतात बुधवारी.

आम्ही पदार्थ ठरवलेच नाहीत, फक्त वार वाटले. सोमवारी डाळ-भात, मंगळवारी अंडी, बुधवारी कडधान्य, गुरुवारी एका भांड्यात शिजेल ते, शुक्रवारी उरलंसुरलं किंवा सरळ बाहेरचं. भाजी घरात असेल ती, फ्रोजन मटारसुद्धा. हे ऐकून त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. पौष्टिकतेचा हिशोब डोळ्यांनीच करायचा: हार्वर्डच्या आहारतज्ज्ञांनी 2011 मध्ये मांडलेल्या ताटात अर्ध्या भागात भाज्या-फळं, पाव भागात शक्यतो अख्खी धान्यं आणि उरलेल्या पाव भागात डाळ, अंडी, मासे असं काहीतरी असतं. रविवारी कडधान्य शिजवून ठेवायचं. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, तिथे ते तीन-चार दिवस टिकतं, म्हणजे बुधवार सुखरूप निघतो.

धाकटा भाजीला हात लावत नाही, ही वेगळी रडकथा. तिथे मी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी सांगते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. नवी चव अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. ताटात एक घास वाढायचा आणि विषय सोडून द्यायचा. विषय सोडणं मोठ्यांनाच जड जातं.

दुसऱ्या भेटीला नवराही आला. जरा दुखावलेलाच होता. “मी रोज विचारतो ना, काय मदत करू?”

“तेच तर!” त्या ताडकन म्हणाल्या. “ते पण मीच ठरवायचं!”

तो गप्प झाला. त्याला हे खरोखरच कधी सुचलं नव्हतं. मंगळवार आणि गुरुवार त्याच्याकडे गेले, म्हणजे ठरवणं, आणणं, शिजवणं, ओटा पुसणं, सगळं. त्यांच्यासाठी एकच अट: स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पहिल्या मंगळवारी त्यांनी हॉलमधून तीनदा ओरडून विचारलं, “मीठ घातलंस का?” तिसऱ्यांदा मोठ्या मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला.

दीड महिन्यानंतर भेटलो तेव्हा बाहेरून जेवण फक्त शुक्रवारी येत होतं.

“आणि गुरुवारी काय असतं?” मी विचारलं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मी विचारतच नाही.”