एकशिक्षकी शाळेत टिकायचं कसं

सर, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या एकशिक्षकी सरकारी प्राथमिक शाळेत ११ वर्षं काढल्यावर म्हापशाच्या खाजगी शाळेत जावं का, आणि आम्ही जुनी माणसं टिकलो कशी, असं तुम्ही विचारलंय. माझी २७ झाली, बहुतेक वाळपईच्या पलीकडे. समर्पण वगैरे ५ सप्टेंबरच्या भाषणापुरतं ठीक. माझ्या बघण्यातली जी सोडून गेली, त्यांना मुलांचा कंटाळा नव्हता. दिवसभर शाळेबद्दल बोलायला एक मोठं माणूस नसतं, त्याने ती खचली.

चार वर्ग, एक खोली, खडूने चार भाग केलेला फळा. चौथीचा भागाकार अर्ध्यावर असताना बचतगटाची बाई माध्यान्ह आहाराची पावभाजी घेऊन दारात. पाव मोजा, सही करा. तेवढ्यात वरून फोन, माहिती आजच्या आज हवी. आणि रेंज मिळते काजूच्या डोंगरावर!

पट घसरला म्हणून स्वतःला दोष देताय, ते आधी थांबवा. मी तो सहा-सात वर्षं उगाच वाहिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंतही दोन शिक्षक सांगितलेत. इथे पट कमी म्हणून शिक्षक एक, आणि शिक्षक एक म्हणून पालक पोरांना अनुदानित शाळेच्या बालरथात, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसमध्ये, बसवतात. त्यात २०११ पासून इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान. यात तुमच्या शिकवण्याचा संबंध किती?

मला तारलं ते शनिवारच्या चहाने. जवळपासच्या शाळांतल्या आम्ही तिघी शाळा सुटली की वाळपईत भेटायचो. गाऱ्हाणी अर्धा तास, मग कामाचं. हातच्याची वजाबाकी माझ्या मुलांना काही केल्या जमेना. एकीने सांगितलं, काजूच्या बिया घे, दहा झाल्या की करवंटीत घाल. उसना घ्यायचा म्हणजे करवंटी उपडी करायची. सोमवारी केलं. तिसरीतला एकजण, मार्च-एप्रिलात बिया वेचायला जाऊन हमखास गैरहजर राहणारा, तोच सगळ्यांना करवंट्या वाटत सुटला.

जायचंच असेल तर खुशाल जा, त्यात पाप नाही. फक्त शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित ते बघा, आणि पगार तोंडी ऐकू नका, कागदावर मागा. त्याआधी दोन शिक्षक असलेल्या शाळेत बदलीचा अर्ज मात्र करून बघा. माझ्या मते तुमचं दुखणं तिथेच आहे.

आमच्यातली एक निवृत्त झाली, चहाला आता आम्ही दोघीच असतो. या शनिवारी येताय का?