नवरा ६(२) म्हणून मुलीला स्टेटस नाही? आधी सासूबाईंचे कागद काढा

ताई, कॅनडात तुमच्या मुलीला इंडियन स्टेटस मिळेल का, आणि तिच्या स्पीच थेरपीचं काय, असं तुम्ही विचारलंय. "वडील ६(२), आई बाहेरची, म्हणजे मुलीला मिळणार नाही" हे वाक्य तुम्हाला फोनवर ऐकवलं गेलं, आम्हाला काउंटरवर. शब्दसुद्धा जवळपास तेच. स्टेटस म्हणजे कॅनडाच्या इंडियन ॲक्टखाली तिथल्या मूळनिवासी (फर्स्ट नेशन्स) माणसाची सरकारी नोंद, आणि ६(१), ६(२) ही त्या नोंदीची कलमं. कार्ड कशाला लागतं हे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी वकील नाही, कायदा अजून बदलतोय, तेव्हा शेवटचा शब्द ही नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचा धरा.

तुम्ही लिहिलंय की सासूबाई क्री या मूळनिवासी समाजातल्या, १९७८ मध्ये गोऱ्या माणसाशी लग्न केल्यामुळे त्यांचं स्टेटस गेलं, आणि कायदा बदलणाऱ्या १९८५ च्या सी-३१ विधेयकानंतर परत मिळालं. तुमचे यजमान १९८१ चे, सस्कॅचेवनमध्ये जन्मलेले, आणि त्यांची नोंद ६(२). नियम वरवर सरळ आहे: ६(१) वाल्याला स्टेटस नसलेल्या जोडीदारापासून मूल झालं की ते ६(२), आणि ६(२) वाल्याला तसंच झालं की मुलाला काहीच नाही. फोनवरच्या बाईंनी एवढंच लावलं. यजमान आज खरोखर ६(२) आहेत का, हे पाहिलंच नाही.

बहुधा नाहीत. बायकांशी होणाऱ्या या भेदभावाविरुद्धच्या शॅरन मॅकआयव्हरच्या खटल्यामुळे कायद्यात २०११ चा सी-३ हा बदल आला, मग २०१७ चा एस-३, आणि त्याचा राहिलेला भाग १५ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाला. त्यातलं ६(१)(ए.३) हे तुमचं कलम. लग्नामुळे स्टेटस गेलेल्या बाईचे थेट वंशज १७ एप्रिल १९८५ पूर्वी जन्मले असतील, किंवा नंतर जन्मले पण त्यांच्या आईवडिलांचं लग्न त्या तारखेआधी झालेलं असेल, तर ते ६(१) मध्ये येतात. यजमान पहिल्याच अटीत बसतात. ते ६(१) झाले की मुलगी ६(२), म्हणजे तिला स्टेटस. (गंमत बघा, १९८४ मध्ये नाशिकच्या मुलीने स्टेटस असलेल्या क्री मुलाशी लग्न केलं असतं तर तिला स्टेटस आपोआप मिळालं असतं. त्याच कायद्याने सासूबाईंचं मात्र गेलं.)

मुलीच्या अर्जासोबत यजमानांच्या सहीचं एक साधं पत्र जोडा: "माझ्या नोंदीचं कलम २०१९ च्या बदलानुसार पुन्हा तपासावं." त्यात सासूबाईंचा दहा आकडी नोंदणी क्रमांक, लग्नाची तारीख आणि ठिकाण, आणि यजमानांचा स्वतःचा क्रमांक लिहा. त्या दहा आकड्यांत पहिले तीन बँडचे (म्हणजे ज्या फर्स्ट नेशन समुदायात नोंद आहे त्याचे) असतात, हे लक्षात ठेवलं तर उतरवताना चूक लगेच दिसते. कार्डावर कलम छापलेलं नसतं, त्यामुळे कार्ड बघून "तुम्ही ६(२)" असं कोणी सांगत असेल तर ते अंदाजाने बोलतंय.

आता ज्या चुकीने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ती. तोंडी नकार हा नकार नसतो. काउंटरवर "मिळणार नाही" म्हणाले आणि अर्ज घेतलाच नाही, आणि आम्ही तो निर्णय समजून घरी आलो. फाइल नाही, पत्र नाही, कलम नाही, म्हणजे आव्हान द्यायला हातात काहीच नाही. ते ऑफिस कुठलं हे लिहीत नाही, पण अशी एकापेक्षा जास्त आहेत. अर्ज द्यायचाच, पोच घ्यायची, आणि नकार आलाच तर लेखी, कुठल्या कलमाखाली ते नमूद करून मागायचा. लेखी निर्णयानंतर रजिस्ट्रारकडे लेखी हरकत घ्यायला तीन वर्षं मिळतात. हरकतीवरच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायला मात्र सहाच महिने. पाकिटावरची तारीखसुद्धा जपून ठेवा.

मुलीचा जन्मदाखला मोठा हवा, दोन्ही पालकांची नावं असलेला. पाकिटात मावणारा छोटा दाखला चालत नाही, अर्ज परत येतो. सस्कॅचेवनमध्ये तो प्रांताच्या ई-हेल्थ या संस्थेकडून मिळतो. पोस्टाने पाठवलात तर मूळ दाखला पाठवावा लागतो, म्हणून शक्य असेल तर प्रत्यक्ष जा, बघून तिथेच परत देतात. आणि आपली मराठी गोची: तुमच्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव, दाखल्यावर नवऱ्याचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच. लग्नाचा दाखला न मागता जोडा.

बँडचं सभासदत्व वेगळं. १९८५ पासून कलम १० खाली अनेक बँड स्वतःचे नियम करतात, त्यामुळे स्टेटस आलं म्हणून सभासदत्व आलं असं धरू नका. बँड ऑफिसला स्वतंत्र विचारा. ट्रीटी ६ (क्री वगैरे लोकांचा ब्रिटिश राजसत्तेशी झालेला करार) चे वर्षाला पाच डॉलर मिळतात, १८७६ पासून तेवढेच. त्यावर मी काही बोलत नाही, पोस्ट लांबेल.

स्पीच थेरपीसाठी मात्र या सगळ्याची वाट बघू नका. जॉर्डन्स प्रिन्सिपल हा नियम, म्हणजे मुलाला लागणारी सेवा आधी द्यायची आणि पैसे कोणी द्यायचे हा वाद नंतर, मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनच्या जॉर्डन रिव्हर अँडरसनच्या नावाचा आहे. त्याच्या घरच्या देखभालीचे पैसे प्रांताने द्यायचे की केंद्राने यावर वाद चालू असताना तो पाच वर्षांचा मुलगा २००५ मध्ये हॉस्पिटलमध्येच वारला. या नियमाखाली पालकांपैकी एक नोंदणीकृत असला तरी मूल पात्र ठरतं, मुलाला स्वतःचं स्टेटस असायलाच हवं असं नाही. म्हणजे तुमची मुलगी आजच पात्र आहे. थेरपिस्टचं पत्र घ्या, पण "मुलीला फायदा होईल" एवढ्यावर भागत नाही. कुठली गरज, आठवड्याला किती सत्रं, किती महिने, आणि न मिळाल्यास काय बिघडेल, हे त्यात हवं. पत्र मोघम असेल तर अर्ज तिथेच अडकतो. इथेही नकार आला तर लेखीच मागा.