एसवायला (दुसऱ्या वर्षाला) आहे, डिग्री व्हायच्या आत कॉलेजमध्ये काय काय करून घेऊ?

अजून दोन वर्षं हातात आहेत म्हणजे भरपूर झाली की. आधी एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) नाव घाल. दोन वर्षांत २४० तास भरायचे आणि ७ दिवसांचं गावातलं शिबिर, बरेच जण मार्कांसाठीच जातात, मीपण तसाच गेलो, पण तिथे पहिल्यांदा पन्नास जणांच्या पोळ्या लाटल्या (पोळ्या कसल्या, नकाशेच होते) आणि त्या चुलीपाशी बसलेले चौघं आजही रात्री दोनला फोन उचलतात. पुण्यात असशील तर पुरुषोत्तम करंडकची (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) तालीम सोडू नको, अ‍ॅक्टिंग येत नसेल तर बॅकस्टेजला लाग. लायब्ररी कार्ड वापर. आणि हो, केटी (नापास झालेला विषय) राहिली असेल तर आधी ती काढ, बाकी सगळं नंतर.