कोश विणतं कोण?

चोपड्याच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: चौथीच्या तक्त्यावर 'फुलपाखराची अळी कोष विणते' हे वाक्य आहे, त्यात कोश लिहू की कोष?

दोन्ही चालतात. शब्दांचा तो कोश आणि तिजोरीचा तो कोष, असा भेद ठणकावून सांगणाऱ्यांनी एकदा अमरकोश उघडावा. कळी, तलवारीचं म्यान, धनाचा साठा, सगळे अर्थ एकाच शब्दाखाली आहेत.

चुकलंय ते 'विणते'. आणि हे वाक्य तक्त्यातक्त्यावर दिसतं.

रेशमाला कौशेय का म्हणतात? त्यासाठी पाणिनीनं 'कोशाड्ढञ्' हे वेगळं सूत्र रचलं. कोशात झालेलं ते कौशेय. म्हणजे इथला कोश हे रेशमाचं घर, आत झोपलेला जीव नव्हे. त्या घराला मराठीत सुंदर शब्द आहे, कोसला, भंडाऱ्याकडे कोसा. कोश, कोस, कोसा, कोसला ही वाट मला अगदी सरळ दिसते. तुतीवरची अळी तोंडाखालच्या छिद्रातून धागा सोडते, डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत २-३ दिवसांत स्वतःला गुंडाळून घेते. तो धागा उलगडला तर किलोमीटरभर भरू शकतो.

लिंबावरच्या फुलपाखराची अळी यातलं काही करत नाही. शेपटाशी रेशमाची गादी, कमरेला एक धागा, बस्स. मग कात फाटते आणि आतून उघडा कोश, म्हणजे तो झोपलेला जीवच, बाहेर येतो. वर्गातच दाखवा: बरणीत तिरकी काडी, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, रोज ताजी पानं. फवारलेल्या झाडाची नकोत, अळी मरते. पाण्याची वाटीही नको, बुडते. फुलपाखरू बाहेर आल्यावर लोंबकळायला जागा नसली तर पंख चुरगळलेलेच वाळतात.

'रेशमाचं घर नि आतला जीव, दोन्हींना कोशच रूढ आहे, राहू द्या' हे काही जाणकारांचं म्हणणं मला साफ अमान्य आहे. कपाशीतली गुलाबी बोंडअळी विरळ कोसला विणते, हरभऱ्यातली घाटेअळी मातीत पोकळी करून नुसती पडून राहते. म्हणून तर खोल नांगरटीनं तिचे कोश उघडे पडतात नि पाखरं टिपतात. एकच शब्द वापरला की हा फरकच बुजतो. विश्वकोशानं अळीला 'डिंभ' केलं तेही असंच. बोंडअळी ओळखणाऱ्या पोराला डिंभ कशाला?

तक्त्यावर लिहा: रेशमाची अळी कोसला विणते, फुलपाखराची अळी कात टाकून कोश होते.